बंद गाडीतला डबा

६ सप्टेंबर

मावशी, नमस्कार.

काल तू फोनवर सांगितलंस त्यातलं मला जे समजलं ते लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

एक नोव्हेंबरपासून तुम्हा नर्सना दुखणं थांबवणारी जहाल औषधं पर्समध्ये, पिशवीत किंवा डिकीत ठेवून घरोघरी नेता येणार नाहीत. त्यांच्यासाठी गाडीत कुलपाचा डबा लागेल, तोही गाडीच्या अंगालाच पक्का बसवलेला आणि बाहेरून ओळखू न येणारा. ऑक्टोबरच्या अखेरीस आरोग्य कार्यालयाचा तपासनीस येऊन तो पाहणार. डबा पसंत पडला नाही तर तुझी फेरी थांबेल. मग ज्यांना बिछान्यातून उठता येत नाही त्यांनी औषधासाठी हॉस्पिटलात यायचं. म्हणजे ते येणार नाहीत. तू म्हणालीस, "ते तिकडे कण्हत पडतील आणि मी इकडे हात बांधून बसेन."

बाजारातले डबे मी पाहिले. दोन सीटच्या मधल्या कप्प्यात बसणारे तीन प्रकार मिळतात. दुकानदाराला विचारून तिन्ही उघडून पाहिले. त्यासाठी एक स्क्रू ड्रायव्हर पुरला. दुकानदाराने नंतर माझ्याशी बोलणं सोडलं.

म्हणून डबा मी करते. आमच्या कारखान्यात गाड्यांच्या आतल्या वस्तूच बनतात आणि कप्प्यांची चित्रं मीच काढते, त्यामुळे हे काम मला नवीन नाही. काम सुटल्यावर यंत्रं वापरायला साहेबांनी परवानगी दिली आहे. पत्रा भंगारातला घ्यायचा, ही त्यांची अट.

मला हवं आहे ते असं: दोन सीटमधली रुंदी, पुढे, मध्ये आणि मागे वेगवेगळी मोजलेली. हँडब्रेक पूर्ण वर ओढल्यावर त्याच्या मागे उरणारी जागा. तुझ्या सर्वांत उंच बाटलीची उंची, बुचासकट. बाटल्या किती आणि सिरिंज किती. अंदाजाने लिहू नकोस, पट्टीने मोज. आणि डब्याकडून तुला आणखी काय अपेक्षा आहे तेही लिही.

सगळं पत्रातच लिही, फोनवर नको. फोनवर ऐकण्यात चूक होते. लिहिलेल्याचा एकच अर्थ होतो.

मी ठीक आहे.

तुझी भाची


११ सप्टेंबर

लाडके मोजपट्टे,

तुझं पत्र उघडलं आणि आधी वाटलं, वीज कापण्याची नोटीस आली. शेवटी "मी ठीक आहे" वाचलं तेव्हा कळलं की ही आपलीच पोर! कशी आहेस हे मी विचारलंच नव्हतं, तरी उत्तर देऊन मोकळी. आता विचारते. कशी आहेस? जेवतेस ना वेळेवर? की तेही पट्टीने मोजून?

मापं सोबतच्या कागदावर आहेत. पहिल्यांदा वितीने मोजली होती, मग तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि शेजारच्या शिंप्याकडून टेप आणली. तो म्हणाला, "बाई, गाडीला झबलं शिवताय का?" म्हटलं, चिलखत शिवतेय.

आता माझ्या अपेक्षा. पहिली, डबा औषधाचा वाटता कामा नये. त्यावर लाल चिन्हं, पाट्या, काही नको. माझ्या गाडीत काय असतं ते ज्यांना कळू नये त्यांनाच नेमकं लवकर कळतं. दुसरी, किल्ली नको. किल्ल्या हरवतात, विसरतात, पर्सच्या तळाशी जाऊन बसतात आणि आपण रस्त्यात उभं राहून लोकांसमोर कंगवा, रुमाल, जुन्या गोळ्या असं सगळं प्रदर्शन मांडतो. आकडे दाबून उघडेल असं काहीतरी कर. तिसरी, आणि ही नीट लक्षात ठेव: गाडी बंद असली की डबा उघडताच येता कामा नये. मी कुणाच्या घरात शिरले की माझं गाडीकडे अजिबात लक्ष नसतं.

सगळं कुणासाठी चाललंय ते कळावं म्हणून एक सांगते. टेकडीवर पोहायच्या बाई राहतात. नाव वेगळं आहे, पण अर्ध्या गावाला त्यांनी तरणतलावात पोहायला शिकवलं, म्हणून सगळे असंच म्हणतात. आता दुखणं हाडांत गेलंय. औषधाची वेळ टळली की कूस बदलता येत नाही. तरी जीभ शाबूत! परवा मी जिना चढून धापा टाकत आत गेले तर म्हणाल्या, "श्वास नाकाने घे, तोंडाने सोड. एवढंही येत नाही आणि म्हणे नर्स." त्यांना हॉस्पिटलात आणायचं तर स्ट्रेचरवरून एकोणचाळीस पायऱ्या उतरवाव्या लागतील. मोजल्यात मी. बघ, तुझा गुण लागला.

तेव्हा डबा होऊ दे. कसाही नको, चांगला होऊ दे.

तुझी मावशी


२७ सप्टेंबर

मावशी, नमस्कार.

डबा पाठवते आहे. तो गॅरेजवाल्याने बसवायचा. त्याच्यासाठी वेगळं चित्र आत ठेवलं आहे. तू स्वतः बसवायला जाऊ नकोस.

तुझ्या मापांत मधली रुंदी पुढच्यापेक्षा जास्त आली होती. तसं होत नाही. भंगारवाल्याकडे तुझ्याच मॉडेलची गाडी मिळाली, तिच्यात बसून पुन्हा मोजलं. टेप तिरकी धरली होतीस.

डब्याचं अंग पोलादी पत्र्याचं आहे. बिजागरी आतून आहे. झाकण लावल्यावर बाहेर एकही स्क्रू दिसत नाही आणि पहारीचं टोक शिरेल एवढी फट कुठेही नाही. चार बोल्ट गाडीच्या तळपत्र्यातून खाली जातात. खालचे नट जाड पट्टीला वेल्ड केले आहेत आणि बोल्टची डोकी डब्याच्या आत आहेत, त्यामुळे डबा काढायचा असेल तर आधी तो उघडावा लागतो. वरून त्या भंगारातल्या गाडीच्याच कप्प्याचं मऊ झाकण चिकटवलं आहे. पाहणाऱ्याला हात टेकायची जागा दिसेल. बाटल्या खडखडू नयेत म्हणून आत फोम कापून घातला आहे.

साहेबांनी पाहिला. "छान आहे," म्हणाले, "पण चहाचा कप कुठे ठेवायचा?" मी म्हटलं, हातात.

तुझ्या तिन्ही अपेक्षा पाळल्या आहेत. पाटी नाही. किल्ली नाही, पुढच्या पट्टीआड सहा बटणं आहेत, आकडा वेगळ्या पाकिटात आहे. पाठ झाल्यावर तो कागद फाड. आणि गाडी बंद असताना डबा उघडत नाही.

जेवते वेळेवर.

तुझी भाची


८ ऑक्टोबर

मोजपट्टे,

हे पत्र मी तुझ्या डब्यातच ठेवून पाठवतेय. गॅरेजवाल्याने सकाळी डबा काढला आणि काढताना त्याची जी तारीफ केली ती ऐकून माझा आणखी संताप झाला. होय, फार मजबूत आहे. इतका मजबूत की काल माझ्याच औषधाला मी मुकले.

झालं काय ते ऐक. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं की इंजिन चालू असेल तरच डबा उघडतो. मला वाटलं, असेल काहीतरी तुमच्या शास्त्रातला नियम. म्हणून मी दारासमोर पोचले की आधी बाटली काढायची आणि मग इंजिन थांबवायचं, अशी सवय करून घेतली. तुला विचारलं नाही, कारण तू लिहिलंस की माझं सगळं म्हणणं पाळलंय.

काल टेकडीच्या चढावर, बाईंच्या घराच्या अलीकडच्या वळणावर, गाडीने मान टाकली. किल्ली फिरवली तर नुसती टकटक. बॅटरी संपलेली. वर खिडकीतून बाईंची सून हात करून बोलावतेय. बाईंना सकाळपासून फार होत होतं, म्हणून तर मी आधी तिकडे निघाले होते. आणि औषध माझ्या कोपराखाली, एका झाकणाच्या पलीकडे! आकडा दाबला, पुन्हा दाबला, झाकणाला चापट्या मारल्या, शिव्या घातल्या. ढिम्म हललं नाही. गॅरेजवाला म्हणाला, येतो, पण दुसऱ्या गाडीखाली आडवा आहे.

शेवटी समोरच्या घराला रंग देणारे तिघं मदतीला आले. त्यांनी गाडी वळवली आणि उतारावर ढकलली. पहिल्या खेपेला नुसता हिसका. पुन्हा ढकलली, तेव्हा पार खालच्या वळणावर चालू झाली. तिथे बाटली काढली, चढावर पुन्हा बंद पडेल या भीतीने रंगाऱ्यांतल्या एकाला चालू गाडीत बसवलं आणि मी अख्खी टेकडी पायी चढले. पाऊण तास गेला, मोजपट्टे. पाऊण तास बाई उशीचं टोक दातांत धरून होत्या. मी आत गेले तर काही बोलल्या नाहीत. श्वासावरूनही बोलल्या नाहीत. त्यांनी रागावून दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

रात्री तुझं पत्र काढून वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. अगं, गाडी बंद म्हणजे बंद गाडी! काचा वर करून, दारं लावून, कुलूप करून मी निघून गेलेली गाडी! दुकान बंद, घर बंद, तशी गाडी बंद. त्यात इंजिन कुठून आणलंस तू? लिहिलेल्याचा एकच अर्थ होतो म्हणे!

गाडीच्या मागच्या बाजूला रंगाऱ्यांचे पांढरे पंजे उमटलेत. पुसवत नाहीत मला.

तपासनीस तीस तारखेला येतोय. तोवर पिशवीतूनच नेते, अजून मनाई लागू झालेली नाही. पण पुढे काय? तुझ्याने होत नसेल तर तसं सांग. मी दुसरं काही बघेन.

मावशी


१२ ऑक्टोबर

मावशी,

तुझ्या वाक्यात इंजिन नव्हतं. ते मी घातलं. कारखान्यात "गाडी बंद" म्हणजे इंजिन बंद. दिवसभर तोच अर्थ कानावर असतो, त्यामुळे दुसरा मला दिसलाच नाही. मी विचारायला हवं होतं. बाईंचा तो पाऊण तास माझ्या चुकीमुळे गेला. त्यांना तसं सांग, माझ्या शब्दांत सांग. क्षमा मागून त्यांनी सोसलेलं दुखणं कमी होणार नाही, म्हणून पुढच्या डब्याचं लिहिते.

होत नसेल तर सांग, असं तू लिहिलंस. होईल. तीस तारखेच्या आधी डबा तुझ्या गाडीत असेल.

या वेळी वीज नाही, तारा नाहीत, बटणं नाहीत. बॅटरी असो, नसो, गाडी पेटलेली असो की पाण्यात असो, डबा फक्त तुझ्यामुळे उघडेल. त्यासाठी किल्लीच लागते. विजेशिवाय चालणारी आकड्यांची कुलपं मी पाहिली. एवढ्या जागेत बसणारी सगळी तकलादू आहेत.

तू किल्ली नको म्हणाली होतीस, कारण किल्ल्या हरवतात. आईला सहज विचारलं. ती म्हणाली, "तिच्या हातून आजवर एक टाचणी हरवलेली नाही." मग परत आलेला डबा पुन्हा पाहिला. सहाही बटणांच्या मधोमध बारीक गोल खळगे पडले आहेत. बोटाने तसे पडत नाहीत. पेनाच्या मागच्या टोकाने पडतात, आणि पेन मुठीत धरून दाबलं तरच एवढे खोल पडतात.

गॅरेजवाल्याला बोल्टबद्दल विचारायला फोन केला होता. तो हसत म्हणाला, "ताई, तुमच्या मावशी भारी आहेत. गाडीच्या किल्लीला तारेने चमचा बांधलाय! मला वाटलं, चोराला फसवायला." मला तसं वाटलं नाही. चमचा बांधला की किल्ली फिरवायला जोर कमी लागतो.

तुझ्या उजव्या हाताला काय झालं आहे? कधीपासून? आणि सिरिंजमध्ये औषध कोण ओढतं?

तुझी भाची


१५ ऑक्टोबर

तुला डबा करायला सांगितला होता, माझी उलटतपासणी घ्यायला नाही.

अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. चिमटीत जोर येत नाही. या वयात होतं, जगात मी पहिली नाही. गाडी चालवता येते, नाडी बघता येते, पाठ चोळून देता येते. आणि औषध मी ओढते. प्रत्येक वेळी स्वतः दोनदा बघते. आजपर्यंत थेंब इकडचा तिकडे झालेला नाही.

हे कळलं तर मला आधी फेरीवरून उतरवतील आणि मग विचार करतील की माझ्या जागी कोण. तो विचार किती दिवस चालतो ते मी पाहिलंय. तोवर टेकडीवर कोण जाणार? तुझी पट्टी?

आईला बोललीस तर बघ. ती दुसऱ्या दिवशी बॅगा घेऊन इथे हजर होईल, मला खुर्चीत बसवेल आणि डोळ्यांत पाणी आणून मला भाज्या निवडू देणार नाही. तिचं प्रेम मला झेपत नाही, तुला माहीत आहे.

किल्ली चालेल. पण मोठी कर.

मावशी


२४ ऑक्टोबर

मावशी, नमस्कार.

आईला सांगितलेलं नाही. न सांगणं मला जमतं.

डबा सोबत आहे. किल्ली मोठी आहे. तिचा दांडा तळहाताएवढा लांब आणि चपटा आहे. ती चिमटीत धरायची नाही. भोकात टाकली की दांडा आडवा राहतो. त्यावर तळहाताची टाच ठेवायची आणि गाडीच्या पुढच्या बाजूला रेटायचं. झाकण स्प्रिंगने स्वतःच वर येतं. लावताना त्यावर कोपर टेकलं तरी पुरे. किल्ली गळ्यात अडकवायला दोरी आहे. तशीच दुसरी किल्ली पाकिटात आहे. टोकं घासून गोल केली आहेत, टोचणार नाहीत.

चाचणी अशी घेतली: उजवा अंगठा आतल्या बाजूला दुमडून पट्टीने बांधला आणि संपूर्ण दिवस तसंच काम केलं. बाटलीचं बूच, दाराची मूठ, चेन, काहीच जमत नाही. हे तू किती दिवस करते आहेस ते मी विचारणार नाही. डबा उघडता आला. मग हात ओला करून पाहिला, मग मोजा घालून, मग न बघता. उघडला.

साहेबांनी बांधलेला अंगठा पाहिला. "अपघात?" म्हणाले. मी म्हटलं, ग्राहक. त्यांनी किल्ली हातात घेऊन पाहिली. "ही कुणी विकत घेणार नाही. किल्ली आहे की उलथनं?" मी म्हटलं, ग्राहक एकच आहे आणि तिने मोठी मागितली आहे. ते नवा पत्रा वापरायला सांगून गेले. त्यामुळे हा डबा भंगारातला नाही.

फोडून बघायला वेल्डरदादांना दिला होता. ते या कामाची वाटच पाहत होते. पहार, छिन्नी, मोठा हातोडा, सगळं झालं. झाकणाला पोचे आले, फट पडली नाही. ते घाम पुसत म्हणाले, "हा कुणासाठी केलास? राजाच्या खजिन्यासाठी?" तो पोचे आलेला डबा माझ्याकडे आहे. तुझा दुसरा आहे, तसाच.

आता एक गोष्ट, जी डब्याबद्दल नाही.

थेंब इकडचा तिकडे झालेला नाही, हे मला खरं वाटतं. पण तू दोनदा बघतेस म्हणजे त्याच डोळ्यांनी दोनदा बघतेस. आमच्याकडे चित्र काढणारं माणूस आणि तपासणारं माणूस कधीच एक नसतं, असा नियम आहे. तुझा पहिला डबा घरचं काम म्हणून त्याचं चित्र मी कुणालाच दाखवलं नाही. काढलं मी, तपासलंही मी. दोनदा तपासलं. दोन्ही वेळा "बंद"चा मला तोच अर्थ दिसला. दुसऱ्या कुणी ते वाक्य वाचलं असतं तर विचारलं असतं.

चूक झालेली नाही म्हणून ती होणारच नाही असं मला म्हणता येत नाही. तुला येत असेल तर मला लिही.

तपासनीस तुला तुझ्याच हाताने डबा उघडायला सांगेल. ते जमेल. बाकीचं ठरवायला मी तिथे नाही, आणि मी असते तरी ते तुझंच असतं.

तुझी भाची


४ नोव्हेंबर

प्रिय पोरी,

तुझं मागचं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. प्रत्येक वेळी तूच जिंकलीस. आता हरलेल्या माणसाने सविस्तर लिहायचं असतं, तसं लिहिते.

तपासनीस आला. तोंडभर शिंका घेऊनच आला, रुमाल नाकावर. गाडीत बसला, मधल्या कप्प्यावर कोपर टेकलं, कागद मांडीवर घेतले आणि म्हणाला, "हं. डबा कुठाय?" मी म्हटलं, शोधा. सीटखाली वाकला, डॅशबोर्ड ठोकला, डिकी पाहिली, पायपुसणं उचललं. परत येऊन बसला, परत तिथेच कोपर. म्हणाला, "बाई, माझा वेळ जातोय. डबा केलाय की नाही?" म्हटलं, साहेब, तुम्ही त्याच्यावरच टेकलाय! मग जो खूश झाला! शिंका थांबल्या त्याच्या.

मग मात्र तो कामाला लागला. बॅगेतून टायरचा लोखंडी दांडा काढला आणि माझ्या देखत झाकणाशी झोंबला. मला वाटलं, सीट निघेल आता. डबा जागचा हलला नाही. गाडीखाली सरपटत जाऊन नट बघून आला. "कुणी केलाय?" "भाचीने." "कोणती कंपनी?" "अहो, भाची म्हणजे कंपनी नाही, बहिणीची मुलगी."

शेवटी म्हणाला, "उघडा बघू." मी गळ्यातली किल्ली काढली, तुझ्या सांगण्याप्रमाणे तळहाताची टाच ठेवली आणि रेटलं. टक्क करून झाकण वर. एकदा. पुन्हा एकदा. इंजिन थांबलेलं होतं, तेही त्याला आवर्जून दाखवलं. तो किल्लीकडे बघत राहिला, मग माझ्या अंगठ्याकडे. म्हणाला, "हाताचं काय?" आता काय सांगू तुला! चार थापा तयार होत्या. पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. तो कागदावर वर-खाली बघून म्हणाला, "हाताचा रकाना यात नाही. डबा पास." आणि सही करून, शिंकत निघून गेला.

म्हणजे सुटले होते मी. कुणाला काही कळलं नसतं. गाडीत बसून मी स्वतःला तेच सांगत होते आणि डोक्यात तू येऊन बसलीस, अंगठा बांधून. रकाना नाही म्हणून अंगठा चांगला होतो का? तशीच हॉस्पिटलात गेले आणि मेट्रनबाईंसमोर हात पुढे केला. म्हटलं, मी फेरी सोडणार नाही. गाडी माझी, डबा माझा, टेकडीवरचे सगळे माझे. पण औषध ओढायला माझ्यासोबत दुसरं माणूस द्या, आणि एक दिवसही फेरी न थांबवता द्या. त्या म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंत तर?" मी म्हटलं, आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतंत. त्या हसल्या. दुसरी किल्ली त्यांनी ठेवून घेतली आणि सोमवारपासून एक नवी नर्स दिली. जाड भिंगांची आहे, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणते. ती मला काहीच म्हणत नाही. घाबरते.

काल आम्ही दोघी पहिल्यांदा टेकडीवर गेलो. मी चालवली, मी डबा उघडला. वर तिने बाटली घेतली, औषध ओढलं, मला सिरिंज दाखवली. मी बघितली. बरोबर होती. तिने बाईंना औषध दिलं, नोंद केली, आणि माझ्यासाठी काही उरलंच नाही. इतकी वर्षं त्या खोलीत जातेय, पण उभं राहून नुसतं बघायची वेळ कधी आली नव्हती. कुठे बघू तेही कळेना. शेवटी खुर्ची ओढून बाईंच्या उशाशी बसले.

बाई म्हणाल्या, "आज तू पाहुणी?"

म्हटलं, तसंच समजा.

"मग हात दे. ती औषध देऊन मोकळी झाली, पण ते चढेपर्यंत माझं मला काढायचं असतं ना? घट्ट धर."

मी उजवा हात दिला. सवयीने तोच पुढे गेला. मग म्हटलं, बाई, खरं सांगते, या हाताने मला घट्ट धरता येत नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझा हात अंगठ्यासकट अख्खा मुठीत घेतला. पोरांना पाण्यात धरायच्या ना, तसा. म्हणाल्या, "मग तू सैल सोड. मी धरते."

औषध चढेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

तुझी मावशी